१४,४०० रुपयांत बंब: अग्निशमन दलावरचा विनोदी सिनेमा कसा काढावा

मी लग्नाचं शूटिंग करतो. पौषात मुहूर्त नसतात, त्यामुळे महिनाभर कॅमेरा कपाटात आणि मी कट्ट्यावर. अशाच एका पौषात आम्ही सात जणांनी बावीस मिनिटांचा सिनेमा काढला, 'बंब सोमेश्वरी'. नाव कुठून आलं ते सांगायला नकोच. आग रामेश्वरी लागते, बंब सोमेश्वरी जातो, ही म्हण आपल्याकडे कुणी आयती देऊन ठेवली असताना वेगळी कथा शोधायची गरज काय? आमचं गाव मिरजेपासून एसटीने तासाभरावर. नगरपरिषदेची आगीची गाडी एकच. आता पुढच्या गावची पोरं विचारायला येतात, 'दादा, कसं केलं?' दर वेळी तेच सांगून घसा बसला, म्हणून लिहून टाकतो.

आधी गोष्ट. माझ्या पहिल्या खर्ड्यात फायरमन सगळे येडे होते. शिडीवरून पडणारे, पाइपात पाय अडकणारे. तो कागद घेऊन मी आमच्या स्टेशनवर गेलो. तुम्हीही जा, आणि शक्यतो १४ ते २० एप्रिलमध्ये जा, कारण तो अग्निशमन सेवा सप्ताह असतो. प्रात्यक्षिकं चालू असतात, गाडी धुऊनपुसून बाहेर काढलेली असते आणि माणसं बोलायच्या मूडमध्ये असतात. १४ एप्रिलला मात्र सकाळी विनोद घेऊन जाऊ नका. १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटलं. कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात होता. त्यात ६६ फायरमन गेले, त्यांना त्या दिवशी मानवंदना देतात. मी हे न कळता नेमका त्याच सकाळी कागद काढून उभा राहिलो होतो. तिथल्या लीडिंग फायरमननी शांतपणे सांगितलं, 'परवा या.'

परवा गेलो. त्यांनी माझा खर्डा पूर्ण ऐकला आणि एकदाही हसले नाहीत. मग चहा आला आणि ते स्वतः सुरू झाले. दाराला आतून कडी लागून गॅसवर दूध राहिलेलं, मांज्यात अडकलेली घार, विहिरीतलं कुत्रं, नारळाच्या झाडावर चढून उतरता न येणारा माणूस. गल्लीत आडव्या लावलेल्या मोटारसायकली आणि त्यांचे मालक, जे आग बघायला पुढे असतात पण गाडी काढायला सापडत नाहीत. मी हसून हसून वाकलो. माझ्या खर्ड्यातलं एकही वाक्य त्याच्या आसपास नव्हतं.

त्या दिवशी मी सगळं फाडून नवीन लिहिलं. आमच्या सिनेमात फायरमन एकदम कडक, शिस्तीचे, कधीही न हसणारे. येडं आहे ते बाकीचं जग. स्टेशनपासून इमारत ८०० मीटरवर, आणि बावीस मिनिटं गाडी पोचतच नाही. तुम्ही काहीही लिहा, पण साहेबाला शेवटपर्यंत गंभीर ठेवा. तो एकदा जरी कॅमेऱ्याकडे बघून हसला की मेलं सगळं.

भाषेतच निम्मे विनोद पडलेले असतात, ते उचला. मुंबईसारख्या शहरांत अग्निशमन दलात आगीच्या कॉलला 'वर्दी' म्हणतात. पेपरातही छापून येतं, 'दलाला वर्दी मिळाली.' बाहेरच्या माणसाला वर्दी म्हणजे गणवेश. आमचा पहिलाच प्रसंग यावर आहे, तो जरा नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. फोन वाजतो. ड्युटीवरचा पोरगा उचलतो, ऐकतो, ताडकन उभा राहतो आणि ओरडतो, 'वर्दी आली!' सगळे धावत बाहेर. बाहेर परीट सायकलला गाठोडं लावून उभा. तो एकेकाच्या हातात इस्त्रीचे कपडे ठेवतो, हिशेब सांगतो, सुटे मागतो. सब ऑफिसर खिसे चाचपतो. आणि मागे, खिडकीतून, फोनचा लोंबकळणारा रिसीव्हर दिसतो. त्यातून बारीक आवाज येत राहतो, 'हॅलो? हॅलो?' आम्ही आधी यात चार संवाद घातले होते. एडिटला बसल्यावर सगळे काढले. रिसीव्हर लोंबकळत असताना बोलायची गरजच नाही.

दुसरा शब्द 'बंब'. आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब अजून माळ्यावर असतो बऱ्याच घरांत. आमच्याकडे माझ्या आत्याचा होता. नवा भरती झालेला पोरगा साहेबांच्या 'बंब काढ' या हुकमावर तो घासूनपुसून, चिंच लावून चकचकीत करून आणतो. बंब म्हणजे आग विझवायची गाडी आणि आग पेटवायचं भांडं, दोन्ही एकच. हे मराठीतच जमतं.

आता गाडी. खरी गाडी मागू नका, आणि दिली तरी घेऊ नका. तुमच्या शूटिंगच्या वेळी खरी आग लागली तर काय करणार? आम्ही छोटा हत्ती घेतला, दोन दिवसांचे ३,००० रुपये, डिझेल धरून. त्याला लाल फ्लेक्स गुंडाळला, ९०० रुपये. मंडपवाल्याची बांबूची शिडी वर बांधली, शाळेची जुनी घंटा टांगली. रंग लावायच्या भानगडीत पडू नका, मालक मारतो. फ्लेक्सवर नगरपरिषदेचं नाव किंवा खरं बोधचिन्ह छापू नका. आम्ही 'सोमेश्वर अग्निशामक केंद्र (दुपारी १ ते ४ बंद)' छापलं. सार्वजनिक रस्त्यावर सायरन वाजवायचा नाही, तो नंतर आवाजात टाका. गणवेशाचंही तेच. लोकांना फसवायला सरकारी माणसाचा वेष घालणं गुन्हा आहे. तुमचा तो हेतू नसला तरी शूटिंगच्या कपड्यात चहाच्या टपरीवर हिंडू नका. बाजारातून खाकी शर्ट, पिवळी हेल्मेटं, खांद्यावर फित्यांऐवजी बाटल्यांची झाकणं. कपड्यांचे सगळे मिळून २,४००.

पाइप मात्र खरा दिसला पाहिजे, कारण पडद्यावर तोच सारखा दिसतो. दलातला डिलिव्हरी होज ६३ मिलिमीटरचा असतो, कापडी, गुंडाळून ठेवलेला. एका टोकाला मेल कपलिंग, दुसऱ्याला फिमेल, म्हणजे एकात एक बसवून पाइप जोडायची टोकं, आणि पुढे ज्यातून पाणी उडतं ती ब्रांच. भंगारवाल्याकडे फाटका होज मिळतो, आम्हाला फुकट मिळाला. त्याच्या आतून बागेची साधी नळी घाला आणि पाणी तिच्यातून सोडा. खऱ्या पंपाच्या दाबावर ब्रांच धरायचा हट्ट करू नका. ती माणसाला मागे ढकलते आणि हातातून सुटली तर सापासारखी फटके मारते. शिकलेली माणसंसुद्धा ती दोघं-दोघं धरतात. आमचा एक विनोद यातूनच आला. पाइप अंथरून पळत पळत इमारतीशी पोचतात आणि कळतं की दोन्ही हातांत मेल टोकंच आली आहेत. मग दोघे फायरमन एकमेकांकडे बघत उभे, मिनिटभर. कापू नका असा शॉट. लांबला की जास्त हसू येतं.

आणि आग. आग लावायची नाही. पत्र्याच्या डब्यातसुद्धा नाही, 'फक्त कागद जाळू' असंही नाही. या एका नियमावर मी भांडलो आहे आणि परत भांडेन. खिडकीच्या आत दोन हॅलोजन, त्यांच्यापुढे नारिंगी आणि लाल जिलेटिन पेपर, दिव्याला चिकटवून नाही, हातभर लांब, नाहीतर तोच पेटेल. मध्ये एक पोरगा काठीला बांधलेल्या कापडाच्या पट्ट्या हलवतो. बाहेरून बघा, खोली धडधडून जळते आहे असं वाटतं. ज्वाळाच दाखवायच्या असतील तर काळ्या पार्श्वभूमीवरच्या ज्वाळांची मोफत क्लिप घ्या, एडिटमध्ये चित्रावर ठेवा आणि ब्लेंड मोड 'स्क्रीन' करा. काळं निघून जातं, ज्वाळा राहतात. पण खरं सांगू? विनोदी सिनेमात ज्वाळा जितक्या खोट्या तितक्या चांगल्या. आम्ही एका खिडकीत क्रेप कागदाच्या ज्वाळा आणि खाली टेबलफॅन लावला होता.

धुरासाठी डीजेवाल्याकडचं फॉग मशीन. दिवसाला ८०० प्रमाणे दोन दिवसांचे १,६००, वर लिक्विडचे ६००. खिडक्या उघड्या ठेवा, दर टेकनंतर माणसं बाहेर काढा. ड्राय आइस बंद खोलीत नको. तो म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, खाली साचतो आणि श्वास कोंडतो. धूळ म्हणून मैदा किंवा कॉर्नफ्लोअर उधळायची कल्पना कुणाला तरी सुचणारच, आमच्याकडेही सुचली. हवेत उडालेलं पीठ गरम दिव्यापाशी भडकू शकतं. ज्याला सुचलं त्याला पोह्याच्या ड्युटीवर पाठवा. आणि सोसायटीतला आग विझवायचा लाल सिलिंडर 'जरा मारून बघू' म्हणून रिकामा करू नका. आम्ही मुदत संपलेला एक मारला. ती पिवळसर पावडर दोन दिवस झाडत होतो, आणि माझ्या ट्रायपॉडच्या सांध्यात ती अजून आहे.

फॉगवरूनच आमची फजिती झाली. पहिल्या दिवशी गच्चीवर मशीन लावलं. वारा आला, धूर पलीकडच्या आळीत गेला. कुणीतरी भल्या माणसाने १०१ लावला. अकराव्या मिनिटाला खरी गाडी दारात. खरे सब ऑफिसर जिना चढून वर आले, तर समोर आमचे पाच जण झाकणांच्या फित्या लावून ओळीत उभे, आणि त्यातल्या एकाने घाबरून कडक सॅल्यूट ठोकला. त्यांनी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं, मशीन पाहिलं, मला पाहिलं. मग जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण चूक माझीच होती. आम्ही मजा करत असताना दुसरीकडे खरी वर्दी आली असती तर गावात गाडीच नव्हती. तेव्हा शूटिंगच्या आधी अग्निशमन केंद्राला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा, तारीख, वेळ, जागा घालून. खाली रस्त्यावर 'शूटिंग चालू आहे, धूर खोटा आहे' असा फळा लावा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगा.

कॅमेरा कुठलाही चालतो, फोनसुद्धा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडीखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. स्लो मोशन घेतलात तर ते लुकलुकणं अजूनच उठून दिसतं. पण स्लो मोशन कशाला हवा? हिरो लोक धुरातून सावकाश चालत येतात हा प्रसंग आगीच्या सिनेमांत हमखास असतो. तो आमच्या लोकांनी नुसता अभिनयाने केला. पाच जण पाय जड करून, तोंड ताणून, संथ चालत येतात, आणि त्यांच्यामधून एक कोंबडी आपल्या चालीने टुकूटुकू पळत जाते. खर्च शून्य. कोंबडी सोडणाऱ्याला फक्त वेळ साधता आली पाहिजे, नऊ टेक झाले. क्रेन नाही, ट्रॉली नाही म्हणून रडू नका. मालेगावात सायकलवर कॅमेरा आणि बैलगाडीची क्रेन करून विडंबनपट काढले गेले, तेही या फोनांच्या कितीतरी आधी.

आवाज नीट घ्या, चित्र खराब चालतं, आवाज खराब चालत नाही. गच्चीवर माइकला वारा लागतो, त्याला स्पंजची टोपी घाला. बाकी डबिंग आम्ही रात्री गोधडी पांघरून केलं. पार्श्वसंगीतासाठी कुठल्याही सिनेमाचं गाणं उचलू नका, यूट्यूब लगेच पकडतं. आम्ही हलगीवाला बोलावला. गाडी अडकली की हलगी हळू, साहेब घड्याळ बघतो की जोरात. गडी जेवणावर आला, पैसे घेतले नाहीत.

वरातीचा प्रसंग मला आयता होता, हार्ड डिस्कवर शंभर वराती आहेत. पण त्या दुसऱ्यांच्या, त्यांना विचारल्याशिवाय वापरायच्या नाहीत. म्हणून आम्ही आमचीच काढली. गाडी वरातीमागे अडकते, नवऱ्याचा मामा येतो आणि मानाचे पाहुणे समजून प्रत्येक फायरमनच्या हेल्मेटवर फेटा बांधतो. साहेब सावधान स्थितीत बांधून घेतात. शेवटी पोचतात तेव्हा सगळे फेट्यात. वर आजीने पेटलेल्या तेलाच्या कढईवर केव्हाच झाकण टाकून गॅस बंद केलेला असतो. विझवायची बरोबर रीत तीच, तेलाच्या आगीवर पाणी कधीच नाही. ती दार उघडते, फेटे बघते आणि म्हणते, 'बसा, मुलगी आवरतीय.'

हिशेब पुरा करतो. पाण्याच्या टँकरचे ७००. पोहे, मिसळ, दोन्ही दिवसांचं जेवण आणि न मोजलेला चहा, ५,२००. सगळ्यात मोठा आकडा हाच, आणि यात काटकसर करू नका. उपाशी माणूस विनोद करत नाही. एकूण १४,४००.

पहिला खेळ शाळेच्या पटांगणात, पांढऱ्या चादरीवर. गच्चीवर आलेले सब ऑफिसर आणि ते लीडिंग फायरमन पुढच्या रांगेत होते. वर्दीला गाव हसलं, फेट्यांना गाव हसलं. त्या दोघांचा चेहरा हलेना. मग दोन मेल कपलिंगचा शॉट आला. लीडिंग फायरमननी शेजारच्याच्या मांडीवर चापट मारली, 'तू! तू! सांगलीला!' आणि सब ऑफिसर तोंडावर रुमाल धरून खुर्चीत वाकले.