एक्सेलची यादी अ‍ॅक्सेसला जोडली की ‘#नम!’ येते? असे दुरुस्त करा

समजा, इंदूरला रामबागेतल्या एका गणेशोत्सव मंडळाची वर्गणीची यादी एक्सेलमध्ये आहे आणि ती अ‍ॅक्सेसला (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेसचा प्रोग्राम) लिंक केली आहे. घर क्रमांकाच्या रकान्यात १४, २७, ३१ नीट दिसतात; ‘२७-ए’ हवे तिथे मात्र ‘#नम!’ (#Num!) ही चूक. मूळ यादी शाबूत असते, तेव्हा घाबरून काही पुसू नका.

लिंक करताना वरच्या काही ओळी पाहून रकान्याचा प्रकार ठरतो. तिथे आकडे असले, तर खाली आलेले अक्षर त्यात बसत नाही. लिंक केलेल्या टेबलात प्रकार बदलता येत नाही, म्हणून दुरुस्ती एक्सेलमध्येच करावी लागते.

फाइलची एक प्रत काढून ठेवा. रकाना निवडा, होम टॅबवर फाइंड अँड सिलेक्ट, मग गो टू स्पेशल, कॉन्स्टंट्स, आणि फक्त टेक्स्टवर खूण ठेवा. टाइप केलेला सगळा मजकूर एकदम निवडला जाईल, म्हणजे आकड्यांत अक्षरे कुठे आहेत ते दिसेल.

आता रकान्याचा प्रकार तुम्ही ठरवा. घर क्रमांक, मोबाइल, पावती क्रमांक यांची बेरीज कोणी करत नाही. ते मजकूर म्हणूनच ठेवावेत. नुसता फॉरमॅट टेक्स्ट केला तर आधी भरलेले आकडे आकडेच राहतात, आणि बहुतेक जण इथेच अडकतात. त्याऐवजी पूर्ण रकाना पुन्हा निवडून डेटा टॅबवर टेक्स्ट टू कॉलम्स घ्या: डिलिमिटेड, दुसऱ्या पायरीवर सगळ्या खुणा काढा, तिसरीवर टेक्स्ट, फिनिश. ‘१२/२’ हा घर क्रमांक एक्सेलने आधीच १२ फेब्रुवारी करून टाकलेला असू शकतो. असे पत्ते हातानेच पुन्हा लिहा.

वर्गणीची रक्कम मात्र आकडाच हवी. ‘५०१ रु.’ नको, ‘बाकी’ हा शेरा वेगळ्या रकान्यात. सूत्रातून ‘#एन/ए’ (#N/A, म्हणजे शोधलेले सापडले नाही) आले असेल तर तेही अ‍ॅक्सेसमध्ये ‘#नम!’ दिसते. चूक झाकणारे इफएरर (IFERROR) हे सूत्र लावून रिकामे अवतरण ("") दिले तरी उपयोग नाही, कारण तोही मजकूरच. यादीत न सापडलेले नाव शोधून दुरुस्त करा.

फाइल सेव्ह करून बंद करा. अ‍ॅक्सेसमधली जुनी लिंक डिलीट करा (एक्सेलची फाइल जात नाही) आणि एक्स्टर्नल डेटामधून नव्याने लिंक करा. तरीही एखादी ‘#नम!’ उरली, तर एक्सेलमध्ये त्या सेलवर जाऊन पाहा: रिकाम्या दिसणाऱ्या जागी बहुधा नुसती स्पेस टाइप झालेली असते.