शेवी (शेव्रोले) ३५० साठी खिशाला परवडणारं टर्बो किट कसं तयार करावं

१९६२ साली ओल्ड्समोबीलने जेटफायर ही गाडी बाजारात आणली. २१५ क्यूबिक इंचांचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन, त्यावर गॅरेट कंपनीचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंप) आणि २१५ हॉर्सपॉवर. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.२५ ला १ असं चढं होतं, म्हणून नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून इंजिनात बसणारे ठोके) टाळायला वेगळ्या टाकीतून मिथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण इंजिनात सोडावं लागे. ती टाकी भरलेली ठेवणं मालकाचं काम होतं आणि बरेच मालक ते करत नसत. १९६३ नंतर ही गाडी बंद झाली.

जुन्या अमेरिकन मसल कारसाठी (मोठ्या इंजिनाच्या दमदार गाड्या) स्वस्त टर्बो किट करायला निघालेल्या प्रत्येकाने जेटफायरचा हा इतिहास लक्षात ठेवावा. किट स्वस्त करायचं तर लोखंड, पाइप आणि दिखाऊपणा यांत बचत करा. पेट्रोलचा पुरवठा, इग्निशन आणि ऑइल यांत एक डॉलरही वाचवू नका. मालकाने रोज काहीतरी आठवणीने करावं, यावर तर किट मुळीच अवलंबून ठेवू नका.

१. आधी हद्द आखा

सगळ्या मसल कारना बसणारं किट कोणत्याच गाडीला धड बसत नाही. एक इंजिन, एक गाडी आणि एकच बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) ठरवा. माझी निवड १९७१ ते १९७५ च्या कॅमॅरोतलं शेवीचं ३५० क्यूबिक इंचांचं इंजिन. १९७१ पासून जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन खाली आणलं, त्यामुळे त्या काळातली बहुतेक ३५० इंजिनं साधारण ८.५ ला १ ची आहेत. टर्बोला हेच हवं असतं. शिवाय कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी नाही. पण तपासणी नाही म्हणजे सुट्या भागांना राज्याची मंजुरी लागतच नाही असं धरू नका; तो खर्च छोट्या कारखान्याला पेलत नाही. कॅलिफोर्नियाचे आणि इतर राज्यांचे नियम विकण्याआधी एकेक करून पाहून घ्या.

बूस्ट ६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). मूळच्या कास्ट पिस्टनवर आणि पंपावरच्या ९१ ऑक्टेनवर, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) लावून, याहून जास्त मागू नये. १९७० चं ११ ला १ कॉम्प्रेशनचं एलटी-१ इंजिन घेऊन कुणी आलं तर त्याला हे किट विकू नका.

२. हवेचा हिशोब कागदावर मांडा

३५० गुणिले ५००० आरपीएम भागिले ३४५६ (एका घनफुटात १७२८ घनइंच, आणि इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा भरतं) केलं की मिनिटाला ५०६ घनफूट हवा येते. जुनं इंजिन त्यातली साधारण ८० टक्के ओढतं, म्हणजे ४०५ घनफूट, वजनात सुमारे ३१ पौंड. ६ पीएसआयला दाब १.४ पट होतो. हवा तापून विरळ होते ते वजा केलं तर मिनिटाला ४० पौंड धरा. एका पौंडामागे ढोबळमानाने ९ ते १० हॉर्सपॉवर. पण १९७५ ची फोर-बॅरल कॅमॅरो मुळात १५५ हॉर्सपॉवरचीच होती. तिचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि अरुंद सायलेन्सर तसाच ठेवला तर इंजिन एवढी हवा ओढणारच नाही. जाहिरातीत आकडा छापताना मूळ ताकदीच्या साधारण एक तृतीयांश वाढ सांगावी. ती खरी ठरते.

टर्बो निवडताना भंगारातला होलसेट एचएक्स-३५ हमखास डोळ्यांत भरतो. नव्वदच्या दशकातल्या डॉज रॅम पिकअपच्या ५.९ लिटर कमिन्स डिझेलवर तो असायचा. (पुण्यात कारखान्यांच्या पाट्यांवर वाचतो तेच हे कमिन्स.) त्याचा कॉम्प्रेसर (हवा दाबणारी बाजू) ४० पौंड हवा देईल, पण टर्बाइनची (एक्झॉस्टने फिरणारी) बाजू अडते. ते डिझेल अडीच-पावणेतीन हजार आरपीएमवर थांबतं, तर आपलं पेट्रोल इंजिन जवळपास तेवढ्याच आकारात ५००० पर्यंत जातं. एक्झॉस्ट तुंबतो, मागचा दाब वाढतो, सिलिंडर तापतात आणि इंजिन नॉक करायला लागतं. म्हणून टी-४ मापाच्या फ्लँजचा (पाइप जोडायच्या बोल्टच्या कडेचा), मोठ्या टर्बाइन हाउसिंगचा एकच टर्बो घ्या. दोन टर्बो बॉनेटखाली रुबाबदार दिसतात, पण पाइप, ऑइल लाइन आणि वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला टाळून सोडणारी झडप) सगळंच दुप्पट होतं.

३. जिग (माप पक्कं धरणारा साचा) बनवा, मग पाइप

तडा गेलेला ३५० चा ब्लॉक आणि दोन निकामी हेड भंगाराच्या भावात मिळतात. ती जोडून जड चौकटीवर बसवा आणि शेजारी कॅमॅरोचा पुढचा सांगाडा उभा करा. टर्बो पॅसेंजरच्या बाजूला पुढे घ्या. ड्रायव्हरच्या बाजूला ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि स्टिअरिंग बॉक्स आहे, तिथे ही उष्णता नको. बॅटरी आड येत असेल तर ती डिकीत हलवा.

एक्झॉस्टसाठी बाजारात मिळणारे छोटे, ब्लॉकला चिकटून बसणारे ब्लॉक-हगर हेडर (सिलिंडरचा एक्झॉस्ट गोळा करणारे पाइप) उलटे करून तोंड पुढे आणता येतं. त्यांना जाड भिंतीच्या माइल्ड स्टीलचे तयार एल्बो जोडा. स्टेनलेस दिसायला सुंदर, पण महाग, आणि आधार नीट नसला की तडकतं. पाइपचा मार्ग आधी प्लॅस्टिकच्या पाइपने आणि पुठ्ठ्याने जुळवा. स्पार्क प्लगची टोपी हाताने काढता येते का, एसी आणि पॉवर स्टिअरिंगच्या ब्रॅकेटला पाइप घासतो का, हे प्रत्यक्ष बघा.

वेल्डिंग करताना फ्लँज जिगवरच्या जाड प्लेटला बोल्टने घट्ट आवळलेले हवेत, नाहीतर ते वाकतात आणि मग गॅस्केट टिकत नाही. एक मीटर स्टील ६०० अंशांनी तापलं की सात-आठ मिलिमीटर लांबतं. इंजिनाखालून आडव्या जाणाऱ्या पाइपमध्ये बेलो (लवचीक घडीदार तुकडा) किंवा सरकता जोड दिला नाही, तर ती लांबी हेडरच्या वेल्डवर निघते.

४. वेस्टगेट मोठा घ्या

बूस्ट कमी म्हणजे वेस्टगेट छोटा चालेल असं वाटतं. घडतं उलटं. बूस्ट जितका कमी ठेवायचा, तितका जास्त एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून बाहेर काढावा लागतो. छोटा वेस्टगेट पूर्ण उघडूनही बूस्ट ६ वरून ९-१० ला सरकतो आणि हेड गॅस्केट उडतं. ४४ मिमीच्या आसपासचा घ्या, दोन्ही बाजूंचे पाइप एकत्र आल्यानंतर बसवा, आणि एक्झॉस्ट सहज वळेल असा तिरका कोन द्या. काटकोनात चिकटवलेला वेस्टगेट आकाराने मोठा असूनही काम करत नाही.

५. ऑइलची परतीची वाट

टर्बोकडे जाणारं ऑइल ब्लॉकच्या मागच्या, डिस्ट्रिब्युटरजवळच्या प्रेशरच्या भोकातून टी लावून घ्या. खरी काळजी परतीची. टर्बोतून ऑइल फेसाळून बाहेर पडतं आणि फक्त स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. नळी चांगली रुंद हवी, शक्य तितकी उभी हवी, मध्ये कुठेही पोट पडलेलं नको, आणि ती सम्पमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) ऑइलच्या पातळीच्या वर उघडायला हवी. हे चुकलं की सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि गिऱ्हाईक टर्बोचं सील गेलं म्हणून नवा टर्बो मागतो.

६. पेट्रोल आणि ठिणगी

बूस्ट कार्ब्युरेटरमधून (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागातून) ढकलण्याची पद्धत घ्या. टर्बोने कार्ब्युरेटरमधून ओढण्याची जुनी पद्धत सोपी आहे, पण तिच्यात इंटरकूलर लावता येत नाही. चार बॅरलच्या होली कार्ब्युरेटरवर धातूची टोपी बसवून हवा आत सोडायची. आता कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमध्येही (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतही) ६ पीएसआय दाब असतो, तेव्हा नेहमीच्या ६ पीएसआयने पेट्रोल आत शिरणारच नाही. बूस्ट जोडलेला रेग्युलेटर आणि परतीची लाइन लावा: बूस्ट एकने वाढला की पेट्रोलचा दाबही एकने वाढला पाहिजे. पूर्ण बूस्टला १२ पीएसआय दिसायला हवं. जोर लागला की जादा पेट्रोल सोडणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हलाही बूस्टची नळी द्यावी लागते आणि पोकळ पितळी फ्लोट बदलून भरीव घालावे लागतात. हे सगळं केलेला कार्ब्युरेटर किटमध्येच द्या. गिऱ्हाइकावर सोडू नका.

इग्निशन बूस्टच्या प्रत्येक पीएसआयला ठिणगीची वेळ साधारण एक अंश मागे घेणारं हवं. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा), गॅप ०.७ मिमीच्या आसपास. दाबाखालच्या मिश्रणात मोठी गॅप ठिणगी विझवते.

दोन चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा जाऊ देणाऱ्या झडपा) हमखास विसरले जातात: पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत ओढणाऱ्या नळीचा) आणि ब्रेक बूस्टरचा. या दोन्ही ठिकाणी व्हॅक्युम अपेक्षित असतो, बूस्ट नव्हे. पीसीव्हीचा नसला तर क्रँककेस फुगतं आणि सील ऑइल गाळायला लागतात.

७. चाचणी

किट बसवण्याआधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. थकलेलं इंजिन टर्बोने सुधारत नाही. बसवल्यावर टर्बोचं तोंड बंद करून गॅरेजमधल्या हवेच्या कॉम्प्रेसरने ५ पीएसआय हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे दिसले तिथे क्लॅम्प. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) लावल्याशिवाय बूस्टमध्ये जायचं नाही. पूर्ण बूस्टला हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५ च्या जवळ हवं. १३ कडे सरकताना दिसलं की लगेच पाय काढा. उन्हाळ्यात, एसी चालू ठेवून, चढावर ओढून बघा. डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ड्रीम क्रूझ ऑगस्टमध्ये असते. तिथल्या रांगेत गाडी तासन् तास रांगते आणि बॉनेटखाली उष्णता साठते, तसंही चालवून बघा.

८. पेटीत काय द्यायचं

हेडर, आडवा पाइप, टर्बोचा स्टँड, वेस्टगेट, ऑइल लाइन, कार्ब्युरेटर, रेग्युलेटर, पंप, इग्निशन आणि वाइडबँड हे पेटीत असलंच पाहिजे. इंटरकूलर आणि मागचा सायलेन्सर गिऱ्हाईक स्थानिक दुकानातून घेऊ शकतो. त्यांचं माप आणि तोंडांची दिशा कागदावर द्या. टर्बो नवा द्या किंवा टी-४ फ्लँज ठेवून त्याचा त्याला घेऊ द्या, पण भंगारातला टर्बो स्वतःच्या नावाने विकू नका. अमेरिकेत वाहनाचे भाग विकायचे तर प्रॉडक्ट लायबिलिटी विमा (मालामुळे नुकसान झालं तर भरपाई देणारा) घ्यावाच. तो खर्च पहिल्या दिवसापासून किमतीत धरा.

पहिले काही संच अशा लोकांना द्या ज्यांनी तुम्हाला काम करताना कधी पाहिलेलं नाही. मिशिगनमध्ये वाहन उद्योगातली मराठी मंडळी बरीच आहेत, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये अशी कॅमॅरो मिळेल. किट बसवणाऱ्याच्या शेजारी उभं राहा, पण हात लावू नका आणि काही सांगू नका. जिथे तो थांबून कागद उलटसुलट करतो, तिथे सूचना नव्याने लिहा. जिथे तो पाइप ठोकून बसवतो, तिथे जिग दुरुस्त करा.