बोटीचं इंजिन रेस घेत नाही, मध्येच बंद पडतं? दोष असा शोधा

जून-जुलैची मासेमारीबंदी संपली की बोटी पाण्यात उतरतात आणि पहिल्या काही फेऱ्यांतच हर्णैपासून मालवणपर्यंत एकच तक्रार ऐकू येते. थ्रॉटल पुढे केला तरी इंजिन रेस घेत नाही, किंवा तासभर नीट चालून गचके खात बंद पडतं. लगेच कुणीतरी पाना घेऊन इंजेक्शन पंपाच्या (नोझलना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या) सेटिंगच्या स्क्रूला हात घालतो. तसं करू नका. बोटीच्या आत बसवलेलं डिझेल इंजिन असं वागतं तेव्हा दोष बहुतेक वेळा डिझेलच्या वाटेत असतो, आणि ती वाट टाकीपासून पंपापर्यंत क्रमाने तपासता येते.

समुद्रात असाल तर आधी नांगर टाका. बोट खडकाकडे वाहत असताना फिल्टर उघडून बसण्यात अर्थ नाही. धोका वाटला तर व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल 16 वर कळवा. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक आहे.

आधी लक्षण नीट बघा

इंजिन कसं बंद पडलं, यावर अर्धं उत्तर मिळतं. चावी फिरवल्यासारखं एकदम थांबलं, तर स्टॉप केबल (इंजिन बंद करणारी केबल) पूर्ण मागे गेली आहे का ते बघा. इंजिन बंद करायला सोलेनॉइड (विजेवर चालणारा स्विच) असेल तर त्याची वायर हलवून पाहा. खारट हवेत वायरीची टोकं हिरवी पडतात आणि संपर्क तुटतो.

न्यूट्रलमध्ये छान रेस घेतं, पण गिअर टाकला की बसतं? मग पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोर किंवा जाळं गुंतलं असण्याची शक्यता मोठी. इंजिन बंद करून, गिअर न्यूट्रलला ठेवून शाफ्ट हाताने फिरवून पाहा. जड लागला तर पंखा तपासा, ग्लँड (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं पॅकिंग) जास्त आवळली गेली आहे का तेही बघा. शाफ्ट मोकळा असेल, तर आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) फार कमी असेल किंवा भाराखाली डिझेल पुरत नसेल.

रेस आपोआप वर-खाली होत असेल तर लाइनमध्ये हवा शिरल्याचा संशय घ्या. ताकद हळूहळू कमी होत इंजिन बंद पडलं आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं, तर डिझेल कुठेतरी अडतंय.

थ्रॉटलची केबल

हे काम दोन मिनिटांचं. एकाने लिव्हर पुढे-मागे करावा, दुसऱ्याने पंपाजवळ बघावं. लिव्हर पूर्ण पुढे असताना पंपाचा आर्म शेवटच्या स्टॉपला टेकला पाहिजे. टेकत नसेल तर केबल ताणली गेली आहे, गंजली आहे किंवा तिची क्लिप सरकली आहे. केबल नीट असेल तर पुढे चला.

टाकी आणि फिल्टर

पावसाळाभर अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं. जिथे पाणी आणि डिझेल भेटतात तिथे जंतू वाढून काळसर, बुळबुळीत गाळ तयार होतो. समुद्र खवळलेला असला की हाच गाळ ढवळून फिल्टरमध्ये येतो. बंदरात नीट चालणारं इंजिन बाहेर गेल्यावर का बसतं, याचं उत्तर अनेकदा इथे असतं.

फिल्टरच्या तळाचा ड्रेन सोडून डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा आणि फिल्टर बदला. धुऊन पुन्हा बसवू नका.

टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत येण्याची वाट, विसरला जातो. इंजिन मरगळलं की टाकीचं झाकण सैल करा. फुस्स आवाज होऊन आत हवा गेली आणि इंजिन सुधारलं, तर व्हेंट तुंबलेला आहे.

तरीही शंका असेल तर सगळ्यात उपयोगी चाचणी करा. फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) ओढणारी नळी स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडा, परतीची नळीही त्यातच ठेवा आणि धक्क्याला बांधलेल्या बोटीवर इंजिन चालवा. बराच वेळ नीट चाललं तर पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) ठीक आहेत. दोष टाकीत किंवा तिथून येणाऱ्या नळीत आहे.

हवा काढणे

ओढणाऱ्या बाजूच्या सैल जोडातून हवा आत जाते, पण डिझेलचा थेंबही बाहेर येत नाही. म्हणून कोरड्या दिसणाऱ्या जोडावर विश्वास ठेवू नका. क्लॅम्प आवळा, चिरलेली नळी आणि चपटे झालेले वॉशर बदला.

मग फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढण्याचा स्क्रू) थोडा सैल करून हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप) मारा. आधी फेसाळ, बुडबुड्यांचं डिझेल येईल. एकसंध, स्वच्छ धार लागली की प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपावरचा ब्लीड स्क्रू, त्याच पद्धतीने. फेस थांबतच नसेल तर हवा अजून कुठूनतरी येत आहे, मागे जाऊन पुन्हा शोधा. चालू इंजिनाच्या नोझलच्या नळीजवळ हात नेऊ नका; तिथला दाब इतका असतो की बारीक धारही कातडी भेदून आत जाते.

स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नका. एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडलं जात असेल तर वारंवार स्टार्टर मारताना पाण्याचा कॉक बंद ठेवा, नाहीतर पाणी मागे सिलिंडरमध्ये भरू शकतं. इंजिन सुरू होताच तो उघडा.

डिझेल ठीक, तरी ताकद नाही

मग धूर बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त: एअर फिल्टर, इंजिन रूमची झाकलेली झडप, काजळीने भरलेला एक्झॉस्ट, शेवाळ-शिंपले चढलेला पंखा आणि तळ. इंजिन गरम होऊनही पांढरा धूर थांबत नसेल तर नोझल तपासायला हवेत.

एवढं करून दोष सापडला नाही तरच इंजेक्शन पंप उतरवून टेस्ट बेंचला (पंप तपासण्याच्या यंत्रावर) न्या. त्याचं सील तोडू नका, आणि मिस्त्रीला सांगा: कॅनवर चालवल्यावर काय झालं, धूर कोणत्या रंगाचा होता, इंजिन एकदम थांबलं की हळूहळू.