ग्रांट माणसाची, काम घराचं : क्लीव्हलँडमधली माझी पहिली दोन वर्षं

दर वर्षी ऑगस्ट आला की मला दोन-चार मेसेज येतातच. ताई, सिव्हिल झालंय, अर्बन प्लॅनिंगला अ‍ॅडमिशन मिळालीये, तुम्ही तिकडे नक्की काय काम करता ते सांगा ना. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आधीच सांगते, यात मोठे टॉवर, मेट्रो, थ्रीडी मॉडेल वगैरे काही नाहीये. एक पडकं लाकडी घर, दहा-बारा पोरं आणि ढीगभर टाइमशीट आहेत.

मी मूळची सोलापूरची. गिरण्या बंद पडल्यावर वस्तीचं काय होतं ते लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे ओहायोमध्ये क्लीव्हलँडला आल्यावर तसं नवीन काही वाटलं नाही, फक्त गिरणीच्या जागी स्टील होतं. 1950 च्या जनगणनेत या शहरात 9,14,808 माणसं होती, 2020 मध्ये 3,72,624. म्हणजे निम्म्याहून जास्त शहर निघून गेलं आणि घरं मागे राहिली. त्यात 2007 च्या सुमाराला कर्जं बुडायला लागली. स्लाव्हिक व्हिलेज म्हणून एक जुना भाग आहे, चेक आणि पोलिश कामगारांनी वसवलेला, तिथला 44105 हा पिनकोड तेव्हा घरजप्तीसाठी अख्ख्या देशात बदनाम झाला होता. बँकेने घर घ्यायचं, कुलूप लावायचं आणि महिन्याभरात कोणीतरी आत शिरून तांब्याचे पाइप कापून न्यायचे. पाइप गेले की हिवाळ्यात घरात पाणी शिरतं, आणि दोन हिवाळ्यांत घर पाडायच्या लायकीचं होतं. मी इंटर्नशिप केली ती संस्था तिथून जवळच, अगदी छोटी, तिचं नाव राहू दे.

आता मुख्य मुद्दा, जो मला कळायला सहा महिने लागले. अशा वस्तीत फेडरल सरकारचा पैसा दोन वेगवेगळ्या खिशांतून येतो. एक घराचा पैसा : सीडीबीजी, म्हणजे शहरांना वस्ती सुधारायला मिळणारी 1974 पासूनची ती ब्लॉक ग्रांट, आणि परवडणाऱ्या घरांसाठीचा होम प्रोग्राम, दोन्ही गृहनिर्माण खात्याकडून म्हणजे हडकडून. दुसरा माणसाचा पैसा, तो लेबर खात्याकडून. घराच्या पैशाला विचारलं जातं की किती घरं झाली, कोण राहायला आलं, त्याचं उत्पन्न किती. माणसाच्या पैशाला विचारलं जातं की किती जण शिकले, किती नोकरीला लागले, सहा महिन्यांनी अजून नोकरीवर आहेत का. पण घर तेच आणि पोरं तीच! हे दोन हिशोब एकाच भिंतीवर बसवायचे, हेच आमचं काम. बाकी सगळं फाइल.

ही आयडिया नवीन नाही बरं का. 1973 साली निक्सनने सीटा नावाच्या कायद्यावर सही केली, बेकार माणसांना सरकारी पैशातून काम आणि ट्रेनिंग द्यायचा कायदा, आणि 1978 पर्यंत त्यातून देशभर सात लाखांच्या वर लोक कामाला होते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा मालक बिल्डिंगा सोडून पळत होते, काही तर इन्शुरन्ससाठी जाळत होते, आणि भाडेकरूंनी त्याच जळक्या बिल्डिंगा स्वतः हाताने दुरुस्त करून मालकीच्या करून घ्यायची पद्धत सुरू केली, स्वेट इक्विटी म्हणतात त्याला, घामाचा हिस्सा. लोअर ईस्ट साइडला 519 ईस्ट 11 वा स्ट्रीट ही त्यातली गाजलेली बिल्डिंग, त्यांनी तर गच्चीवर पवनचक्की पण बसवली होती. काम करणाऱ्यांना मजुरी मिळायची ती या सीटातून. ब्राँक्समध्ये केली स्ट्रीटवर 1977 मध्ये बनाना केली नावाची संस्था अशीच उभी राहिली, नाव विनोदी आहे पण ते रस्त्याच्या केळ्यासारख्या वळणावरून पडलंय.

आजीला फोनवर हे सांगत होते तर ती म्हणाली, मग ही रोजगार हमीच की गं. बरोबरच आहे. बहात्तरच्या दुष्काळात ती स्वतः खडी फोडायला जायची, सुकडी आणि अमेरिकेहून आलेला तो लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, खाऊन. त्याच दशकातली दोन्ही कामं. फरक इतकाच की आपल्याकडे काम मागितलं की देणं हा 1977 च्या कायद्याने हक्क झाला आणि इकडे ती ग्रांटच राहिली, त्यामुळे 1982 मध्ये रेगनच्या काळात सीटा गेला तसा मजुरीचा तो पैसाही गेला.

त्यानंतर जे टिकलं त्यात यूथबिल्ड आहे, आणि माझं काम त्यातच होतं. डोरोथी स्टोनमन नावाच्या बाईंनी 1978 मध्ये ईस्ट हार्लेममध्ये शाळा सोडलेल्या पोरांबरोबर एक बिल्डिंग दुरुस्त करायला घेतली, तिथून हे सुरू झालं. 1992 मध्ये फेडरल कायद्यात आलं, आधी हडकडे होतं, 2006 मध्ये लेबर खात्याकडे गेलं. 16 ते 24 वयाची, बहुतेक शाळा सुटलेली पोरं घ्यायची, त्यांना बारावीच्या बरोबरीची परीक्षा द्यायला लावायची आणि गरीब कुटुंबांसाठीचं घर बांधताना धंदा शिकवायचा. कायद्यातच लिहिलंय की किमान 50 टक्के वेळ शिक्षणाला आणि किमान 40 टक्के कामाच्या ट्रेनिंगला. म्हणजे तुमच्याकडे खेळायला जेमतेम 10 टक्के उरतात! आम्ही एक आठवडा वर्ग, एक आठवडा साइट असं करायचो. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी तीन महिन्यांत उरकलं असतं त्या घराला आम्हाला अकरा महिने लागले आणि त्यात काही चुकीचं नव्हतं. हे सिटीच्या ऑफिसरला समजावता आलं पाहिजे, इंटरव्ह्यूत हेच विचारतात.

आता माझा घोळ सांगते, कारण पुस्तकात तो सापडणार नाही.

आमचं घर म्हणजे क्लीव्हलँड डबल, खाली एक बिऱ्हाड, वर एक, समोर दोन मजली पोर्च. शंभर वर्षं जुनं. जुनं म्हणजे शिशाचा रंग आलाच, कारण घराच्या रंगात शिसं वापरायला इथे 1978 मध्ये बंदी आली, त्याआधीचं प्रत्येक घर संशयित धरायचं. हडचा पैसा लागला की त्याच्या पायऱ्या आहेत : दर बिऱ्हाडामागे दुरुस्तीचा खर्च 5,000 ते 25,000 डॉलर असेल तर धोका तात्पुरता आवरायचा, म्हणजे सुटा रंग ओलसर करून खरवडायचा, खिडक्या नीट करायच्या, धूळ साफ करून तिचे नमुने लॅबला पाठवायचे. हे ट्रेनिंग घेतलेली पोरं करू शकतात. 25,000 च्या वर गेलं की पूर्ण निर्मूलन, आणि ते फक्त राज्याचं लायसन्स असलेल्या माणसांनीच करायचं.

मी एक्सेलमध्ये खालच्या बिऱ्हाडाचं 22,800 बसवलं होतं. फार खूश होते. मग साइटवर स्वयंपाकघराची फरशी उचलली तर खाली सिल प्लेट कुजलेली निघाली, म्हणजे पायावर आडवं ठेवलेलं ते मुख्य लाकूड, बोट घातलं तर बोट आत जात होतं, चहात बुडवलेल्या खारीसारखं. ते बदलायचा आकडा धरला आणि बेरीज 26,300. मला वाटलं साडेतीन हजारच वाढलेत, सीडीबीजीत जागा आहे, टाकून देऊ. टाकले. आठ दिवसांनी सिटीकडून कळलं की 25,000 ओलांडले, काम थांबवा. निर्मूलनवाला मिळेपर्यंत, त्याची नोटीस, त्याचं काम, शेवटची टेस्ट, सहा आठवडे. तेवढे दिवस आमची पोरं घरात पाऊल ठेवू शकत नव्हती, आणि लेबर खात्याचे ते 40 टक्के तास तर भरायचेच होते.

आमचे साइट सुपरवायझर सत्तरीला टेकलेले सुतार, स्वतः तरुणपणी सीटातून सुतारकाम शिकलेले. मी त्यांना सर म्हणायचे, त्यांना ते आवडायचं नाही. ओरडले नाहीत. म्हणाले, ‘‘घर काय, अजून एक हिवाळा काढेल. पण पोरांना तीन दिवस काम नसलं की चौथ्या दिवशी निम्मी येत नाहीत.’’ आणि खरंच चौथ्या दिवशी अकरातले सहाच आले. मग त्यांनी गॅरेजमध्ये दोन बाय चार इंची लाकडांची एक खोटी भिंत उभी केली, खिडकीसकट, आणि पोरांकडून ती पाच वेळा पाडून पाच वेळा बांधून घेतली. तो प्रत्येक तास मी टाइमशीटवर ट्रेनिंग म्हणून लिहिला आणि तो होताही. गळालेल्या पाचातले तीन परत आले, दोन आलेच नाहीत, ते आमच्या रिपोर्टात कायमचे लाल राहिले.

तेव्हापासून मी मर्यादेच्या जवळचा आकडा कधीच बसवत नाही. जुन्या घरात फरशीखाली काय आहे हे कोणाच्या बापाला माहीत नसतं, तर एकतर खूप खाली राहा नाहीतर सरळ वर जाऊन निर्मूलन पहिल्याच दिवशी करून घ्या, पोरं आत येण्याआधी.

अजून काही गोष्टी पटापट. सेक्शन 3 पाठ करा. 1968 च्या कायद्यातलं कलम आहे, हडचा पैसा लागला की कामाचे तास स्थानिक गरीब लोकांना मिळाले पाहिजेत. 2020 च्या नियमानुसार हडचे 2,00,000 डॉलरपेक्षा जास्त लागलेल्या कामात 25 टक्के तास अशा लोकांचे, त्यातले काही खास गटाचे, म्हणजे एकूण तासांच्या 5 टक्के, आणि यूथबिल्डची पोरं त्या खास गटात मोजली जातात. म्हणून मोठे कॉन्ट्रॅक्टर स्वतःहून आमच्याकडे यायचे, तुमच्यातला कोणी आहे का कामाला. माझ्या मते पोरांना नोकऱ्या लागल्या त्या आमच्या सर्टिफिकेटमुळे कमी आणि या टक्क्यांमुळे जास्त. डेव्हिस बेकन म्हणजे सरकारी मजुरीदराचा कायदा, त्याला घाबरू नका, सीडीबीजीमध्ये आठपेक्षा कमी बिऱ्हाडांच्या घराला तो लागत नाही. आणि टाइमशीट अंदाजे टक्के टाकून भरू नका, सकाळी वर्गात दोन तास आणि दुपारी साइटवर चार असेल तर तसंच लिहा, ऑडिटवाले तेच आधी उघडतात.

व्हिसाचं कडू सत्य पण सांगते. अमेरिकॉर्प्सच्या, म्हणजे सरकारी समाजसेवा योजनेच्या, जागा दिसतील, अगदी आपल्यासाठीच काढल्यात असं वाटेल, पण त्या नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच असतात, मी तीन अर्ज भरल्यावर ती ओळ वाचली. आपल्याला सीपीटीवर, म्हणजे शिकत असतानाच्या कामाच्या परवानगीवर, इंटर्नशिप आणि मग ओपीटीचे, म्हणजे डिग्रीनंतरच्या परवानगीचे, 12 महिने. तुमच्या डिग्रीचा कोड स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत, येतो का ते अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधीच कॉलेजला विचारा, नंतर नाही. आणि नॉनप्रॉफिट आहे म्हणजे एच वन बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून सूट असं काही नसतं, युनिव्हर्सिटीशी जोडलेली किंवा संशोधन संस्था असेल तरच बघा. मी शेवटी लॉटरीतूनच आले.

आईला अजूनही वाटतं मी ऑफिसात बसून नकाशे काढते. काढते पण, शुक्रवारी. बाकी चार दिवस साइटवर, म्हणून स्टीलच्या टोकाचे बूट पहिल्या पगारातून घ्या, स्वस्तातले नकोत, आणि जानेवारीत जॉइन होणार असाल तर दोन मोजे घालून या, कारण ज्या घरात तुम्हाला उभं राहायचंय तिथे हीटर बसवणं हे यादीत बरंच खाली असतं.