फोनवरून सहभागी संशोधन करताय? ऊसतोडीच्या बायकांसोबत काम करताना आमच्याकडून झालेल्या या चुका टाळा

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा आमचं काम अर्ध्यावर होतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसोबत त्यांचं काम, आजारपण, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), कोपीतलं (तात्पुरत्या झोपडीतलं) राहणं याचा अभ्यास चालू होता, आणि प्रश्न त्या ठरवणार, माहितीही त्याच गोळा करणार, तिचा अर्थ लावायला आम्ही सगळ्या एकत्र बसणार असं ठरलेलं. एप्रिलच्या मध्यात सरकारने कारखान्यांवर अडकलेल्या तोडमजुरांना घरी परतायला परवानगी दिली, बायका गावी आल्या, काही जणी गावाबाहेर शेतात नाहीतर शाळेत क्वारंटाइन होत्या, आणि आम्ही पुण्यात घरात बसलेलो. मग सगळं फोनवर आलं आणि पुढचं दीड वर्ष फोनवरच राहिलं.

या काळात आमच्याकडून बऱ्याच चुका झाल्या. आता सावकाश बघितलं तर बहुतेकींचं मूळ एकच दिसतं. लांबून काम करायला लागलो की सगळी सूत्रं आपोआप आपल्या हातात येतात, फोन कधी लावायचा, किती वेळ बोलायचं, काय लिहून घ्यायचं, कधी ठेवायचा, सगळं आपणच ठरवतो. पारावर बसलेली बाई कंटाळली तर उठून जाते, शेजारणीला कोपराने ढोसते, मधेच म्हणते की हे काय विचारता. फोनवर तीच बाई नुसतं हो हो करते. रॉबर्ट चेंबर्स यांच्यासारखे सहभागी संशोधनाचा आग्रह धरणारे लोक कायम सांगत आले की हातातली काठी लोकांच्या हातात द्या, म्हणजे जमिनीवर नकाशा त्यांनाच काढू द्या. आपल्याकडेही सत्तरच्या दशकात पालघर भागात भूमिसेना ही आदिवासींची संघटना उभी राहिली तेव्हा शिबिरांमध्ये आदिवासी स्वतःच आपल्या परिस्थितीचा अर्थ लावत होते. पण ते सगळं एकत्र बसून व्हायचं. एकत्र बसणंच बंद झाल्यावर काठी कशी द्यायची हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता आणि तो ओळखायला आम्हाला बराच वेळ लागला.

पहिली चूक: गावातली बैठक उचलून व्हिडिओ मीटिंगमध्ये टाकली

एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअॅपवर आठ जणांचा ग्रुप कॉल सुरू झाला आणि आम्हाला वाटलं झालं, सुटला प्रश्न. पहिल्या कॉलला आठपैकी तिघी आल्या, त्यातली एक शेताच्या बांधावर उभी होती कारण रेंज तिथेच, दुसरीच्या फोनवर तिचा नववीतला मुलगा होता आणि 'आई आत्ता येती' म्हणत राहिला, आणि तिसरी एकटीच चाळीस मिनिटं बोलली. नंतर कळलं की त्या एका कॉलमध्ये तिचा दिवसाचा सगळा डेटा संपला आणि मुलाचा ऑनलाइन तास बुडाला. हे आम्ही आधी विचारायला हवं होतं.

मग आम्ही व्हिडिओचा नाद सोडला. साधा कॉल, तोही एका वेळी दोघींना जोडून. एकीला एकटीने बोलायला अवघड जातं आणि चौघी झाल्या की आवाज एकमेकींवर चढतात, पण नणंद-भावजय, जावा-जावा, शेजारणी अशा दोघी असल्या की एकमेकींना दुरुस्त करतात, हसतात, आणि आपल्याला मधे बोलावं लागत नाही. व्हॉइस नोटही चांगली चालते, ती सवडीने ऐकते, सवडीने बोलते.

नंबर तिचा, फोन कुणाचा?

आमच्या यादीत बाईचं नाव आणि समोर नंबर होता आणि आम्ही तो तिचाच धरून चाललो. एनएफएचएस-५ म्हणजे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के जणींकडेच स्वतः वापरतात असा मोबाईल होता, इंटरनेट कधीतरी वापरलेल्या तर ३३ टक्केच. आम्ही एकेक नंबर तपासला तेव्हा निम्म्याहून जास्त नंबर नवऱ्याचे, दिराचे, नाहीतर मुलाचे निघाले. म्हणजे आम्ही कोपीत न्हाणीला आडोसा असतो का, पाळीच्या दिवसात काय करता असले प्रश्न ज्या फोनवर विचारत होतो तो फोन दिराच्या खिशातला होता, स्पीकर चालू, आणि ती चुलीपाशी बसून उत्तरं देत होती.

उत्तरं फार गुळगुळीत यायला लागली, सगळं ठीक हाय, काय त्रास न्हाई, असं, तर आधी फोन कुणाच्या हातात आहे ते बघा. आम्ही नंतर प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला असे प्रश्न विचारायला लागलो ज्यांची उत्तरं नुसत्या हो-नाहीत देता येतील. आत्ता मोकळ्या आहात का, घरात कुणी आहे का, नंतर करू का. शिवाय एक खूणही ठरवली आणि ती बायकांनीच निवडली, 'दळण आणायचं राहिलंय'. हे वाक्य आलं की आम्ही काही न विचारता फोन ठेवायचा, आणि परत फोन तीच करणार. पहिल्या महिन्यात ती खूण इतक्या वेळा आली की त्याआधीचे आमचे सगळे कॉल कसे झाले असतील याचा विचार करूनच मला झोप लागली नाही.

वेळेचंही तसंच. आम्ही ऑफिसच्या वेळेत सकाळी अकराला फोन करायचो. बायकांनी सांगितलेली वेळ दुपारी दोन ते साडेतीन होती, भांडी झालेली असतात आणि मालक बाहेर असतात. एवढंच आधी विचारलं असतं तर दोन महिने वाचले असते.

मुकादमाकडून यादी घेऊ नका

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. लॉकडाऊनमध्ये नवीन बायकांपर्यंत पोचायचं कसं म्हणून आमच्यातल्या एकीने ओळखीच्या मुकादमाला फोन केला आणि त्याने अर्ध्या तासात वीस नावं दिली, नंबरसकट. सगळ्यांना किती बरं वाटलं! पण मुकादम म्हणजे उचल देणारा, टोळी जमवणारा, खाडा झाला की दंड कापणारा माणूस. त्याने सांगितलं म्हणून जी बाई फोनवर येते ती उचलीबद्दल आणि खाड्याबद्दल काय बोलणार, आणि बोललीच तर पुढच्या हंगामात तिच्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, काम मिळेल का याची जबाबदारी कोण घेणार. ती वीस नावं आम्ही सोडून दिली, त्यांच्याकडून आलेलं काहीही वापरलं नाही.

सरपंच, ग्रामसेवक, सावकार, कुणीही असो, ज्याचा त्या लोकांवर वचक आहे त्याच्याकडून यादी घ्यायची नाही. लांबून काम करताना हा मोह फार होतो कारण फोन उचलणारी माणसं हीच असतात. आमची साखळी शेवटी बायकांनीच बांधली, एकीने दुसरीला विचारायचं, तिने हो म्हटलं तरच नंबर आमच्याकडे. तीन आठवडे जास्त लागले, पण चालेल.

संमतीचं पान वाचून दाखवणं

आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) एप्रिल २०२० मध्ये कोविडकाळातल्या आरोग्य संशोधनासाठी एथिक्स कमिट्यांना वेगळ्या सूचना काढल्या, त्यात इलेक्ट्रॉनिक संमतीची सोय होती. आम्ही पानभर मजकूर फोनवर वाचायला लागलो. आता डोळ्यांसमोर आणा, आधी सरकारी कॉलर ट्यूनचा तो खोकला, मग अनोळखी आवाज, मग तुमची माहिती गोपनीय राहील वगैरे. त्याच दिवसांत जनधन खात्यावर बायकांना महिन्याला ५०० रुपये येत होते, एप्रिल ते जून, आणि ओटीपी मागून फसवणारेही फोन करत होते. त्यामुळे अर्ध्या जणींना वाटायचं पाचशे रुपयांचं काम आहे, उरलेल्यांना वाटायचं खातं रिकामं करणार. हो म्हणणाऱ्यांना नेमकं कशाला हो म्हटलं ते माहीतच नसायचं.

पहिल्या कॉलला काही विचारू नका. ओळखीच्या बाईने आधी सांगितलेलं असावं, मग तुम्ही फक्त नाव सांगा, काम सांगा, आणि पैसे किंवा योजना मिळणार नाही हे स्पष्ट सांगा. संमती तुकड्यातुकड्याने घ्या आणि दर कॉलला परत विचारा. मागच्या वेळी हो म्हणालेली या वेळी नाही म्हणू शकते. रेकॉर्डिंग करत असाल तर फाइलला नाव देऊ नका, खुणेचा आकडा द्या आणि नावांची वही वेगळी ठेवा.

नकाशा आणि चिंचोके

आता ज्यात मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते. गावाचा नकाशा लांबून कसा काढायचा? एका ताईने अंगणात रांगोळीने काढला आणि मुलाकडून फोटो काढून पाठवला, तिरपा, एका कोपऱ्यात चपला, दुसऱ्या कोपऱ्यात कोंबडीने पाय दिलेला. आम्ही तो कॉम्प्युटरवर नीटनेटका करून घेतला, सरळ रस्ते, रंग, पाण्याच्या जागा निळ्या, आणि त्यात बंद पडलेला हापसा काढून टाकला कारण त्याला पाणीच नव्हतं. नकाशा परत पाठवल्यावर तिची व्हॉइस नोट आली, "हापसा कुठं गेला?" त्या हापशाला चार वर्षं पाणी नाही. पण त्याच्या कट्ट्यावर बायका संध्याकाळी बसतात, कोण कुठल्या टोळीत जाणार, कोणाच्या लेकरांना कुठं ठेवणार हे तिथे ठरतं, घरातल्या माणसांपासून लांब. गावच्या नकाशावरची त्यांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची जागा आम्ही साफसफाईत पुसली होती.

तेव्हापासून नियम केला की फोटो आहे तसा ठेवायचा आणि त्यासोबत तिच्याच आवाजात प्रत्येक खुणेचा अर्थ घ्यायचा. आपण परत काढायचा नाही.

दुसरं आकड्यांचं. कुठला त्रास जास्त ते एक ते पाचमध्ये सांगा असं आम्ही विचारायचो आणि प्रत्येक बाई प्रत्येक त्रासाला पाच द्यायची. बरोबरच आहे, सगळेच त्रास मोठे आहेत. मग दहा बियांची जुनी पद्धत काढली. प्रत्येकीने घरात दहा चिंचोके घ्यायचे, ताटात त्रासांच्या जागा करायच्या (पाण्याला वाटी, दवाखान्याला गोळीचं पाकीट, असं काहीही) आणि चिंचोके वाटायचे. फोनवर ताटातला आवाज ऐकू येतो, टक, टक, मग थांबतो. एका मावशीने पाण्यावर चार ठेवले, मग बराच वेळ काही आवाज नाही, मग दोन परत उचलले. "ह्ये न्हाणीला आडोसा न्हाई त्याच्यावर टाकते, पाणी कुठूनबी आणता येतं." उचलून दुसरीकडे ठेवलेले ते दोन चिंचोके आमच्या नोंदीत सगळ्यात मोलाचे ठरले, त्यामुळे बेरीज करायची घाई करू नका. गप्प असेल तर गप्प राहू द्या. फोनवरची शांतता आपल्याला खायला उठते आणि आपण पुढचा प्रश्न विचारून टाकतो, तो विचारू नका.

वर्षाचं कॅलेंडर काढताना महिने विचारू नका, सण विचारा. दसऱ्याला कुठं होता, संक्रांतीला कुठल्या फडात, होळीला उचल किती फिटली होती. सगळं पटापट येतं.

किरकोळ पण रोजच्या अडचणी: कॉल तुटला तर परत कोण लावणार ते आधीच ठरवा, आपणच लावायचा, तिचे पैसे जाता कामा नयेत. व्हॉइस नोटा त्याच दिवशी ऐकून उतरवा, महिनाभराच्या साठल्या की कुठली कुणाची तेच कळत नाही. ग्रुप अचानक शांत झाला तर बऱ्याचदा त्यात कुणीतरी पुरुष आलेला असतो, किंवा रिचार्ज संपलेला असतो.

सहसंशोधक म्हणायचं आणि पैसे द्यायचे नाहीत

गावातल्या पाच जणी आमच्या सहसंशोधक होत्या. समोरासमोरचं काम होतं तेव्हा त्यांना दिवसाचं मानधन मिळायचं. फोनवर काम आल्यावर ते मधेमधे होऊ लागलं, इथे दहा मिनिटं, तिथे अर्धा तास, आणि दिवस मोजता येत नाही म्हणून मानधनच थांबलं. आम्ही १९९ चा रिचार्ज मारून देत होतो आणि आम्हाला ते पुरेसं वाटत होतं. त्यांच्यातल्या एकीने तीन महिन्यांनी सांगितलं की ताई, रिचार्ज तुमच्याच कामाला लागतो, माझ्या हाताला काय? तिचं शंभर टक्के बरोबर होतं. त्यानंतर कॉलप्रमाणे दर ठरवला, तोही त्यांनीच, आणि मागचा हिशेबही पूर्ण केला. नवीन प्रस्ताव लिहिताना प्रवासाचे वाचलेले पैसे आधी इकडे वळवा.

दुसरी लाट

एप्रिल-मे २०२१ मध्ये आम्ही ठरलेल्या तारखेप्रमाणे फोन करत राहिलो आणि एका घरी नेमका सासऱ्यांच्या दहाव्याच्या दिवशी फोन गेला. ती तरीही बोलली, आणि म्हणूनच मला तो कॉल विसरता येत नाही. अशा काळात अभ्यास बंद ठेवायचा, निधी देणाऱ्यांना तसं लेखी कळवायचं, फोन करायचाच तर फक्त चौकशीला. १०४ (आरोग्य सल्ला) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) हे नंबर, जवळच्या दवाखान्याचा नंबर, गावच्या आशाताईचा नंबर हे सगळं समोर लिहून ठेवा, कारण कधीही समोरून विचारणा येते आणि तेव्हा 'बघून सांगते' म्हणणं बरं नाही.

निष्कर्ष परत न ऐकवणं

लांबून केलेल्या कामात हा भाग सगळ्यात आधी गळतो. अहवाल लिहिला, मेल केला, संपलं. आम्हीही तेच करणार होतो, पण सहसंशोधक ताईंनी हट्ट धरला म्हणून मुख्य गोष्टी तीन-तीन मिनिटांच्या व्हॉइस नोटांमध्ये बोलून पाठवल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, मागे दोघी-तिघींचे आवाज, भांड्यांचा आवाज. उचलीच्या तक्त्यात आम्ही एका कोयत्याला एक ओळ दिली होती आणि ओळीत नाव नवऱ्याचं, त्यामुळे व्हॉइस नोटमध्ये इतक्या मजुरांना इतकी उचल असं बोललं गेलं होतं. "ताई, कोयता म्हंजे दोघं. तुम्ही गडीमाणसंच मोजली, आमी कुठं हाव त्याच्यात?" तो तक्ता प्रत्येकीचं नाव घालून पहिल्यापासून बनवायला आम्हाला नऊ दिवस लागले.