सिलिका जेल फेकू नका, भाजा

माझ्या कॅमेऱ्याच्या ५० एमएमच्या लेन्सला बुरशी लागली ती कोरड्या ठणठणीत कपाटात. सदाशिव पेठेतलं तळमजल्याचं घर असलं तरी भिंतीला ओल नव्हती आणि बॅगेत सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या, तीन पुड्याही होत्या. फक्त त्या दोन वर्षं तशाच पडून होत्या. पुड्या ओल पिऊन भरतात आणि मग काम करत नाहीत हे तेव्हा कुठे कळलं.

दाण्याच्या आत जाळीसारखी छिद्रं असतात, साधारण २-३ नॅनोमीटरची. आपला केस त्याच्या वीस-तीस हजार पट जाड! ताटलीत वाफेचं पाणी व्हायला हवेत १०० टक्के आर्द्रता लागते. छिद्रात मात्र पाण्याचा पृष्ठभाग वाटीसारखा खोलगट होतो, तिथून रेणू सहज सुटत नाहीत, म्हणून ३ नॅनोमीटरच्या छिद्रात ५० टक्क्यांच्या आसपासच वाफेचं पाणी होतं. हा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७१ साली मांडला. म्हणजे आपल्याला हवा कोरडी वाटत असते तेव्हाही दाणे पाणी पीतच असतात.

शेजारचे काका म्हणाले, "गच्चीवर उन्हात टाक की." जुलैत पुण्यात ऊन कुठलं? आणि एकदा भरलेलं छिद्र रिकामं व्हायला भरतानापेक्षाही कोरडी हवा लागते. आत शिरलेलं पाणी चिवट असतं. फ्रीझरमध्ये टाकून पाहिलंत तरी इतक्या अरुंद जागेत ते उणे १८ अंशालाही गोठत नाही.

तेव्हा भट्टीच हवी. दाणे पुडीतून काढून स्टीलच्या ताटात एकाच थरात पसरा आणि ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) १२० अंशांवर दोन तास ठेवा. पुडीसकट ठेवलंत तर प्लास्टिक वितळेल, मी वितळवलंय. हिरवट पडलेले केशरी दाणे पुन्हा केशरी झाले की झालं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नकोच.

खरी गंमत पुढे आहे. गरम दाणे ओट्यावर निवायला ठेवलेत तर दोन तासांची वीज फुकट, कारण निवतानाच ते ओट्यावरची वाफ ओढून घेतात. कोमट व्हायच्या आत घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. पाण्याने धुवायचा मोह झाला तर एकच दाणा वाटीत टाकून बघा: तड् असा आवाज येतो आणि दाण्याचे तुकडे होतात. पाणी इतक्या झपाट्याने आत घुसतं.

मग सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधा, तुळशीबागेतल्या रबरी कडेच्या डब्यात लेन्सशेजारी ठेवा आणि वजन झाकणावर लिहा. माझी ५० ग्रॅमची पुरचुंडी पावसाळ्यात डबा रोज उघडला तर दहा-बारा दिवसांत ६० ग्रॅमवर जाते. ६० दिसले की पुन्हा ओटीजी.