अंगातल्या हालचालीतून वीज काढायच्या मटेरियलवर पीएचडी करायचीय? मग हे आधी वाचा

एमएस्सी फिजिक्स झाल्यावर या विषयात यावं का असं एवढ्यात दोन-तीन ज्युनियर्सनी विचारलं, प्रत्येकाला फोनवर तेच सांगतोय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

माझ्या आजीला पेसमेकर होता. बॅटरी संपत आली म्हणून वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिच्या कातडीखालचा तो खिसा परत उघडून अख्खं यंत्र बदललं, आणि मी या विषयात आलो ते त्यामुळेच. पेसमेकर माणसाला पहिल्यांदा बसवला 1958 ला, स्वीडनमध्ये, आणि बॅटरीचा प्रश्न तेव्हापासूनचा. गंमत बघा, त्याला लागते फक्त दहाएक मायक्रोवॅट पॉवर, आणि ज्या हृदयासाठी तो बसवलाय ते तर दिवसरात्र हलतंच आहे. मग त्या हलण्यातूनच तेवढी वीज का काढू नये?

दाबलं की चार्ज देणारी मटेरियल म्हणजे पिझोइलेक्ट्रिक. हाडसुद्धा असं वागतं हे जपानमध्ये फुकाडा आणि यासुदा यांनी 1957 मध्येच दाखवलं होतं. आपल्या कामाची मुख्य दोन, पीझेडटी आणि पीव्हीडीएफ. पीझेडटी सिरॅमिक आहे, चार्ज भरपूर देतं, पीव्हीडीएफच्या दहापट तरी धरा, पण ठिसूळ, आणि त्यात शिसं. तरी 2014 मध्ये अमेरिकेत दागदेविरेन, रॉजर्स वगैरेंनी त्याच्याच 500 नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्या लवचीक प्लास्टिकवर घेऊन गाई-मेंढ्यांच्या हृदयावर लावून दाखवल्या, म्हणजे पातळ केलं की ठिसूळ मटेरियलही वाकतं. पीव्हीडीएफ हे पॉलिमर, वाकतं, स्वस्त, शिसं नाही, म्हणून आपल्याकडे बहुतेक जण यानेच सुरुवात करतात, मीपण केली.

पीव्हीडीएफची फिल्म, म्हणजे पातळ पापुद्रा, ओतणं सोपं वाटतं, पावडर डीएमएफ नावाच्या द्रावकात विरघळवा, काचेवर ओता, वाळवा. मी जूनमध्ये सुरुवात केली आणि महिनाभर प्रत्येक फिल्म पांढरीफटक, हाताला खडूसारखी. मटेरियल खराब आलं म्हणून सप्लायरला दोनदा मेल पण केला. खरं कारण पावसाळी हवा, डीएमएफ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पॉलिमर आतल्या आत साकळून भोकाभोकाचं होतं. फिल्म तापवून कोरड्या जागी वाळवली आणि दुसऱ्याच दिवशी काचेसारखी नितळ निघाली. तेव्हा लॅबमध्ये हायग्रोमीटर लावा आणि रोजची आर्द्रता वहीत लिहा.

नितळ झाली म्हणजे पिझो झाली असं मात्र नाही. बीटा फेज हवा, म्हणजे रेणूंची चार्ज देणारी रचना, त्यासाठी फिल्म ताणायची आणि मग पोलिंग करायचं, म्हणजे जबर व्होल्टेज देऊन रेणूंची टोकं एका दिशेला वळवायची. एफटीआयआर या इन्फ्रारेड तपासणीत सगळे 840 (प्रति सेंमी) चा पीक दाखवून बीटा आला म्हणतात, पण तिथे गॅमा या दुसऱ्या फेजचा पीकही येतो, म्हणून 1275 चा बघा.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसलो ते. पहिल्या वर्षी माझ्या सॅम्पलवर बोटाने टिचकी मारली की स्कोपवर (सिग्नल दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) 20 व्होल्ट यायचे, आम्ही सगळे खूश. मग एका सिनियरने शांतपणे विचारलं, पोलिंग न केलेली फिल्म लावून बघितलीस का? लावली. 18 व्होल्ट! ती सगळी घर्षणाची वीज होती, बोटाची, टेपची, हलणाऱ्या वायरची. चार महिन्यांचा डेटा बाजूला ठेवावा लागला, त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून पोलिंग न केलेलं सॅम्पल कायम शेजारी ठेवतो, वायर टेबलाला घट्ट चिकटवतो, आणि सॅम्पल उलटं जोडून सिग्नलपण उलटा होतो का ते बघतो. नुसत्या व्होल्टेजवर तर कधीच जाऊ नका, रेझिस्टन्स बदलत बदलत पॉवर मोजा, आणि तीसुद्धा सेकंदाला एक-दीड ठोक्याच्या वेगाने, कारण हृदय तेवढंच चालतं, मशीनवर 30 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 30 वेळा हलवून, आलेला आकडा पेशंटच्या काय कामाचा?

आणि पाणी. शरीर म्हणजे कोमट खारं पाणीच. सॅम्पलवर पीडीएमएसचं, म्हणजे सिलिकॉन रबराचं, कोटिंग करून 37 डिग्रीच्या सलाइन बफरमध्ये (शरीरासारख्या खाऱ्या पाण्यात) टाकलं, नवव्या दिवशी इलेक्ट्रोडची कड उचलली गेली आणि सिग्नल गेला. पीडीएमएस पाण्याची वाफ आत जाऊ देतं, हे वाचलेलं होतं पण पटलं तेव्हा. पॅरिलीन या दुसऱ्या पॉलिमरचा थर आधी दिल्यावर बराच फरक पडला, तरी वायर बाहेर येते तो कोपरा अजून त्रास देतोच.

गाईड निवडताना पेपर किती ते नंतर बघा, आधी विचारा की पोलिंग सेटअप आणि इलेक्ट्रोमीटर (अगदी थोडा चार्ज मोजणारं यंत्र) लॅबमध्येच आहे का दुसरीकडे रांग लावावी लागते, सोबत कोणी डॉक्टर किंवा व्हेटर्नरीवाले आहेत का, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगाला एथिक्स कमिटीची परवानगी कोण काढणार. माझ्या पहिल्या जागी याचं उत्तर 'बघू पुढे' असं होतं, आणि त्या बघू पुढेमध्ये माझं दीड वर्ष गेलं.